कंसातल्या वाक्याबद्दल आधी

पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताईंना स. न. वि. वि. मी ६२ वर्षांची. लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं नोकरी केली. मिस्टर गेल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्यात बाणेरला राहायला आले. घरात मला काही कमी नाही. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून राहू नये म्हणून सुनेनंच चौकशी करून मला शहरातल्या एका महिला मंडळाची सभासद केलं. महिन्याला दोन व्याख्यानं, मध्येच गाणं किंवा पुस्तकावर चर्चा, श्रावणात सहल, कोजागिरी, संक्रांत असं वर्षभर चालू असतं. वर्गणी १,५०० रुपये. व्याख्यानं खरंच चांगली असतात, मी वहीत टिपून घेते. पण दहा महिने झाले तरी माझं नाव माहीत असलेली एक बाई तिथं नाही. सगळ्या जुन्या, एकमेकींच्या ओळखीच्या. सहलीच्या बसमध्ये चढले तर प्रत्येक सीटवर रुमाल. शेवटी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटी बसले. संतकवयित्रींवरच्या व्याख्यानात प्रश्न विचारायला उठले. "सर, तुम्ही आत्ता सांगायलात ती ओवी आमच्याकडं वेगळी म्हणतात," एवढंच म्हटलं, तर मागच्या रांगेत हशा पिकला. मी बसले, प्रश्न राहिलाच. (संक्रांतीला हळदीकुंकवाचं तबक माझ्यावरून पुढे गेलं, पण ते चालायचंच.) कार्यक्रम सहाला असतो. आठला मुलगा खाली गाडी घेऊन येतो, त्यामुळे आभार सुरू झाले की मी उठते. आता नव्या वर्षाची वर्गणी ३१ मार्चच्या आत भरायची आहे. भरू की नको? घरी बसून मोबाइलवर व्याख्यानं ऐकली तर काय बिघडलं? – एक वाचक

बाई,

तुम्हाला बाईच म्हणते. एकतीस वर्षं हीच हाक ऐकलीत, आणि बाणेरच्या लिफ्टमध्ये ती कुणी मारत नसणार.

विचारलंत वर्गणीचं. ते सांगतेच, पण आधी त्या कंसाचं. बसमधला रुमाल तुम्ही नीट वर्णन करून लिहिलात, हशा लिहिलात, आणि तबकाचं वाक्य कंसात घालून "चालायचंच" म्हणून मोकळ्या झालात. शाळेत एखाद्या पोरीनं असं केलं असतं, चार ओळी पोटदुखीच्या आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "वडील घरी येत नाहीत", तर तुम्ही आधी काय वाचलं असतं?

तबक कसं फिरतं ते मला माहीत आहे. बाई रांगेतून येते, दोन बोटांनी हळद, मग कुंकू, मागून दुसरी अत्तराचा फाया आणि गुलाबदाणी घेऊन. शेजारणीला लावून झालं की ती तुमच्यासमोर येते आणि अर्धा क्षण थांबते. नजर कपाळावर जाते, मग गळ्याकडे. मग तबक पुढे. तिळगुळाची वडी मात्र हातावर पडते, आणि वर "गोड बोला".

माझे वडील गेल्यानंतर माझी आई दर संक्रांतीला, तबक निघायच्या जरा आधी, "दूध ठेवलंय गॅसवर" म्हणून आत जायची. पाच-सहा वर्षं हे पाहिल्यावर एकदा मी मागोमाग गेले. गॅस बंद होता. आई ओट्याला टेकून उभी होती आणि बाहेरचे आवाज कमी व्हायची वाट पाहत होती. दूध कधीच तापत नव्हतं, बाई.

त्यामुळे "चालायचंच" मला मान्य नाही. आणि हे मी एकटीच्या रागापोटी म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. खेड्यातली पंचायत हे करू शकते. आणि ज्या पुण्यात कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तिथलं दर पंधरवड्याला व्याख्यान ठेवणारं मंडळ तबक फिरवताना गळे तपासतं. बोलायचं ते इथंच.

कसं बोलायचं ते सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. तिथं आधी चार जणी हात जोडलेले टाकतील, मग कुणीतरी "आपली संस्कृती" म्हणेल आणि तासाभरात तुम्ही मंडळाचा वादाचा विषय व्हाल. कार्यवाह बाईंना फोन करा, दुपारी चारच्या सुमाराला, चहाच्या वेळी. सरळ म्हणा: "ताई, संक्रांतीला तबक माझ्यावरून पुढे गेलं, मला ते लागलं. पुढच्या वेळी लावायचं तर सगळ्यांना विचारून लावा, नाहीतर नुसता तिळगूळ वाटा." बस, एवढंच. माफीच्या सुरात नको, भाषणही नको.

तुम्हाला स्वतःला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर तेही ठीक. पण "नको" तुम्ही म्हणायचं असतं. न विचारता पुढं जाणं आणि विचारल्यावर तुम्ही हात आडवा करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहुतेक उत्तर असं येईल: "अहो, तुम्हाला आवडेल की नाही कळेना म्हणून ती पोरगी घाबरली." हे खरंही असू शकतं. तबक नव्या सुनांच्या हातात देतात आणि कुठं थांबायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग हसून "विचारायचं, मी सांगेन" म्हणा आणि विषय संपवा. पण जर उत्तर आलं की "आपल्या मंडळाची ती पद्धतच आहे", तर वर्गणी भरू नका. पंधराशे रुपयांत पुण्यात बरंच काही ऐकायला मिळतं. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोनवर अवलंबून आहे. म्हणून मार्चअखेरची वाट न बघता याच आठवड्यात करा.

मला वाटतं पहिलंच उत्तर येईल. तसं धरून पुढचं लिहिते.

रुमालाच्या बाबतीत मला एक कबूल करायचं आहे. मी रुमाल टाकणाऱ्यांपैकी आहे. मिरजेहून लग्न होऊन इथं आले तेव्हा वर्षभर मीही तुमच्यासारखी भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. मग मैत्रिणी झाल्या, आणि तीन-चार वर्षांत मी दुसऱ्या रांगेत पिशवी, छत्री, शाल अशा तीन वस्तूंनी तीन खुर्च्या अडवायला लागले. एकदा एक बाई त्या पिशवीपाशी येऊन थांबली, माझ्याकडे पाहून कसनुसं हसली आणि मागे गेली. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. वाईट वाटलं ते तुमचं पत्र वाचल्यावर. रुमाल टाकणारीच्या डोक्यात तुम्हाला बाहेर ठेवायचं असं काही नसतं. तिच्या डोक्यात तुम्ही नसताच. हे जास्त वाईट की कमी, ते ठरवत बसू नका. एवढंच समजा की सहलीची बस ही ओळख करून घ्यायची जागा नव्हे. बस आधीच्या ओळखींची असते. दोन-दोनच्या सीटा असतात, त्यात एकटं माणूस उरणारच. यंदाची सहल सोडून द्या. पुढच्या वर्षी तुमच्यासाठी कुणी रुमाल टाकला तर जा.

ओळखी होतात त्या कार्यक्रमाच्या दोन्ही कडांना. नेमक्या त्या तुम्ही कापून टाकल्यात. पत्रात लिहिलंय, आभार सुरू झाले की उठता. बाई, मंडळ तर आभारानंतर सुरू होतं! आभार आणि पसायदान झालं की वक्त्याभोवती आठ-दहा जणी, चहाच्या टेबलापाशी पंधरा जणी, चपलांपाशी राहिलेल्या. तिथं कुणाचे गुडघे, कुणाची अमेरिकेतली नात, वक्ता कसा भरकटला, पोहे कसे गार होते, हे सगळं बोललं जातं. दहा महिन्यांत वीस व्याख्यानं धरली तर वीसही वेळा तुम्ही जिन्यावर होतात. मुलाला सांगा, साडेआठला ये. तो ऑफिसमधून थेट येत असेल तर पंधरा मिनिटं गाडीत बसून फोन बघेल, आजकाल त्याला कुणाला सांगावं लागत नाही. आणि त्यालाही जमत नसेल तर रिक्षानं या; सुनेनं एवढं शोधून सभासद केलंय, ती रिक्षाला नको म्हणणार नाही.

सुरुवातीच्या बाजूलाही तेच. सहाचा कार्यक्रम आपल्याकडे सहाला सुरू झाला तर लोक घाबरतील. पावणेसहाला पोचा. सतरंजी सरळ करणारी, समईत तेल घालणारी, माइकला टकटक करून "हॅलो, हॅलो, एक, दोन" म्हणणारी अशा तिघी-चौघी तेव्हा हॉलमध्ये असतात. एकतीस वर्षं १५ ऑगस्ट आणि स्नेहसंमेलनं काढलेल्या बाईला त्यांच्यात काय करायचं हे मी शिकवायला नको. एक टोक धरा. "मी बाणेरची" असं नको सांगायला, बाणेर काय सगळ्यांचंच आहे. "मी लातूरकडची, शाळेत होते" असं सांगा.

आता हशा.

"सांगायलात" ऐकून ज्या हसल्या त्यांच्यावर मी पांघरूण घालणार नाही. पुण्याची ही खोड जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी स्वामी दयानंदांना इथं व्याख्यानांसाठी बोलावलं. बाहेरगावचा माणूस, मराठी न बोलणारा. लोकांनी ती व्याख्यानं ऐकली, शेवटी त्यांची मिरवणूक काढली, तिच्यात जोतिराव फुलेही आपल्या माणसांसह चालले. आणि त्याच शहरातल्या विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली. तेव्हा मागच्या रांगेतला हशा म्हणजे काही तुमच्यासाठी नव्यानं काढलेली गोष्ट नाही. बायकांच्या सभांचंही तेच. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला आणि रमाबाई रानडे तिथं जायला लागल्या, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त टोचून बोलल्या त्या घरातल्याच बायका.

पण तुमचा प्रश्न मला सोडवेना. जनाबाई तुमच्याच बाजूची, गंगाखेडची. जात्यावरच्या ओव्या शेजारच्या गावात बदलतात, मायलेकींच्या तोंडीही बदलतात. "आमच्याकडं वेगळी म्हणतात" हे त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं वाक्य असणार, आणि वक्त्यांनी हशा थांबवून तुम्हाला पुढं बोलायला लावायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही, ही त्यांची चूक. याच पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या दोघांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत माणसं पाठवून बायकांकडून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. मराठवाड्यातल्या, माजलगावच्या बायकांच्याही आहेत त्यात. कुणी "सांगायलात" म्हणालं म्हणून त्यांनी वही मिटली असती तर त्या लाख ओव्या चुलीपाशीच विझल्या असत्या.

यावर कुणी तुम्हाला सांगेल, मंडळात ओव्यांवर तुमचाच एक कार्यक्रम ठेवा. मी तसं म्हणणार नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. व्यासपीठावर चढलेल्या माणसाला हार मिळतो, नारळ मिळतो, टाळ्या मिळतात, आणि तो खाली उतरतो तेव्हा पहिल्याइतकाच एकटा असतो. त्यापेक्षा चहाच्या टेबलाशी कुणालाही विचारा, "तुमची आई दळताना काय म्हणायची?" तिथल्या निम्म्या जणींच्या आया जुन्नर, मावळ, वाई, खटाव अशा कुठून कुठून आलेल्या असतील. पेठेतल्या वाड्यात जन्मलेली असली तरी आजीचं जातं आठवत असेल. नळस्टॉपची बाई एकदा का "आमची आजी म्हणायची..." असं सुरू झाली की तिचंही पुणेरी थोडं सैल होतं, बघा तुम्ही.

आणि पुन्हा प्रश्न विचारायची वेळ आली तर तसंच बोला. "सांगत आहात" असं घोटून-घोटून म्हणायला जाल तर अर्धं लक्ष क्रियापदातच जाईल. फक्त एक युक्ती: उभं राहिल्यावर आधी एक सेकंद थांबायचं, वर्गात गोंगाट असताना थांबत होतात तसं. माझी खात्री आहे, तुमच्याकडे ती नजर अजून आहे.

मोबाइलवर व्याख्यानं ऐका की, कोण नको म्हणतंय. मीही भाजी निवडताना ऐकते. पण मोबाइलवरचा वक्ता कधी ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. हॉलमध्ये तो वीस मिनिटं उशिरा येतो, माइक किंचाळतो, लाइट जातात, आणि शेजारची अनोळखी बाई तुमच्याकडे वळून "हे नेहमीचंच" म्हणते. तेवढ्यासाठी जायचं असतं. वहीत टिपणं घेता ना, पुढच्या वेळी वही जरा उघडी ठेवा. न आलेल्या मैत्रिणीसाठी "नाव काय म्हणाले हो त्या पुस्तकाचं?" असं विचारणारी एक तरी प्रत्येक व्याख्यानाला असते. तिला पान फाडून द्या.

एक गोष्ट मात्र मंडळावर अवलंबून न राहता करायची. २१ एप्रिल ते २० मे या महिन्यात टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. तीही रानड्यांनीच, १८७५ पासून सुरू करून दिलेली. महिनाभर रोज संध्याकाळी नवा विषय: अर्थसंकल्प, नाटक, शेती, इतिहास, कधी एखादी मुलाखत. रोज जायचं नाही. विषय बघून आठ-दहा निवडा. तिथं मुख्य सोय अशी की कुणाचं मंडळ नाही. वर्गणी नाही, सहल नाही, तबक नाही. निवृत्त पोस्टमन, स्पर्धा परीक्षेची पोरं, दरवर्षी त्याच खुर्चीत बसणारे आजोबा, सगळे एकेकटे आलेले. एकट्या माणसाला एकटं वाटत नाही अशा जागा शहरात फार थोड्या असतात. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालचं. तिथल्या पाक्षिक सभांची परंपराही तशीच जुनी. तुम्हाला जुन्या कागदांची गोडी असेल तर एकदा डोकावून या. नसेल तर उगाच इतिहास ऐकायला जाऊ नका. पुण्यात आलं म्हणून सगळं ऐकलंच पाहिजे असा काही नियम नाही, आणि कंटाळवाण्या व्याख्यानातून मध्यंतराच्या आत उठून जाण्यात पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही.

एका गोष्टीसाठी मात्र तयार राहा. आणखी दहा महिन्यांनीही तुम्हाला जिवाची मैत्रीण मिळेलच असं नाही. मिळाली तर एखादीच मिळेल, आणि ती बहुधा तुमच्यासारखीच मागच्या रांगेत बसणारी असेल. सांगली, अकोला, बेळगाव अशी कुठली तरी, मुलाकडे राहायला आलेली. पुण्याच्या फ्लॅटांत अशा आया ढिगानं आहेत. पुढच्या रांगेकडे बघत बसाल तर ती दिसायची नाही. या वेळी आत शिरताना आधी मागची रांग बघा आणि एक खुर्ची सोडून न बसता शेजारी बसा.

फोन झाला की कळवा, उत्तर कुठलंही आलं तरी. आणि एक राहिलं. वक्त्यांनी सांगितलेली ओवी कुठली, आणि तुमच्याकडं ती कशी म्हणतात, हे पत्रात लिहायचं तुम्ही विसरलात. मी दोनदा उलटून-पालटून पाहिलं, मागच्या पानावरही. पुढच्या पत्रात आधी तेवढं लिहा.